ज्याने आवळलं त्याने तपासायचं नाही

९ फेब्रुवारी

मावशी,

आज लिहीन, उद्या लिहीन करत दीड महिना काढला. पाकिटावर तुझा पत्ता मात्र पहिल्याच दिवशी लिहिला होता. तेच पाकीट पाठवतेय. त्यावर चहाचे दोन गोल आहेत आणि एक डाग कशाचा आहे ते मलाच आठवत नाही. कारणं बरीच सुचली होती, पण खरं एकच. मी तुझ्या घरी आहे. म्हणजे जुन्या घरी, काकांकडे. हे तुला कसं सांगावं कळत नव्हतं.

रागावू नकोस. दोन दिवसांसाठीच आले होते. बंदरावर बोटी रंगवायचं काम संपलं, आईकडे गेले असते तर कॉलेजचं अर्धवट सोडलेलं दुसरं वर्ष रोज जेवणासोबत वाढलं असतं, म्हणून म्हटलं वाटेत काकांना भेटून पुढे जावं. काकांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हात रिकामे आहेत ना? मग ये, एक टोक धर."

ते टोक विमानाच्या पंखाचं होतं.

मला वाटायचं विमान म्हणजे पत्रा. शेडमध्ये बघते तर तुमचं विमान, हा नाकतोडा, उघडा पडलेला, जुनं कापड सगळं सोलून काढलेलं. लाकडाच्या बारीक बारीक बरगड्या ओळीने उभ्या आणि त्यांच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. मी पाच मिनिटं काही बोलले नाही. तू मला लहानपणापासून ओळखतेस, तेव्हा पाच मिनिटं म्हणजे किती ते तुला कळेल.

"हे उडायचं?" मी विचारलं.

"उडायचं."

"कशाच्या जोरावर?"

"इंजिन माझं," काका म्हणाले. "बाकी तुझ्या मावशीच्या शिवणावर."

मग आम्ही पंख उचलला. मी कंबर कसून जोर लावला आणि तो इतका पटकन वर आला की मी मागे पडता पडता राहिले. दोन माणसांना आभाळात धरून ठेवणारी वस्तू माझ्या सॅकपेक्षा जराशीच जड. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आईच्या मते तसंही नव्हतंच.

काका म्हणतात, शेपटी जमिनीला आणि नाक वर, म्हणून याचं नाव नाकतोडा. जमिनीवर चालवताना समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी जायचं. एकदा डावीकडून डोकवायचं, एकदा उजवीकडून. मी आयुष्यभर तशीच चालत आलेय आणि लोक मला भटकी म्हणतात.

हां, तर मुद्दा. दोन वर्षांपूर्वी उतरताना शेपटीचं चाक निखळलं, विमान गर्रकन फिरून एका पंखावर पडलं आणि काकांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, एवढं मला माहीत होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी तू शहरात शिवणाच्या क्लासवर शिकवायला गेलीस, हेही माहीत होतं. मधलं कुणी सांगत नाही. काकांना विचारलं तर ते पाना शोधायला लागतात. पाना त्यांच्या हातातच असतो.

मार्चअखेर ते पुन्हा उडवणार आहेत. मी तोवर थांबतेय.

तुझी भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र पोचलं. पोस्टमनने ते पाकीट दोन बोटांत धरून दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते मळवलं.

कुठे आहेस हे आईला कळवलंस का? नसणारच. मी कळवलं. तिने विचारलं, जेवते का नीट. मी म्हटलं, तीन पानांत जेवणाचा शब्द नाही, लाकडाच्या बरगड्या मात्र भरपूर आहेत.

विमानाबद्दल मला लिहू नकोस. त्या धावपट्टीवर पुन्हा पाय ठेवणार नाही, असं तुझ्या काकांना सांगून मी निघाले. त्यांनी अडवलं नाही. विषय संपला.

फक्त एवढं कळव. नवं कापड शिवायला कोण बसणार? लांब सुई खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात आहे, मेण लावलेला दोराही तिथेच. इस्त्री एकदम तापवू नका. आधी कोमट फिरवा, पूर्ण पंखावर, मग जरा गरम. घाई केली तर कापड इतकं ओढून घेतं की आतली बरगडी वाकते. आणि शेपटीचं चाक ज्याला लावलंय तो लोखंडी पाटा नवा केला का? कुणी केला?

त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जातो का, तेही कळव. विचारू नकोस, नुसतं बघ.

मावशी


२ मार्च

मावशी,

विमानाबद्दल लिहू नकोस म्हणालीस आणि चार प्रश्न विचारलेस, त्यातले तीन विमानाचे. चौथाही विमानाचाच धरायला हरकत नाही, कारण काकांचा डावा हात वर जातो तो फक्त पंखावरून काही काढायचं असलं की. फडताळातली साखर काढायची असली की जात नाही, मग मला हाक.

शिवायला मी बसले. हसू नकोस. मला साधं बटण लावता येत नाही हे तुला माहीत आहे, तू त्यावरून माझी किती टर उडवली आहेस. पण हे निराळंच निघालं. पंख भिंतीसारखा आडवा उभा केलेला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका. मी हातभर लांब सुई टोचते, ती पंखातून आरपार पलीकडे जाते, ते बरगडीला वळसा देऊन परत पाठवतात. एकमेकांचं तोंडही दिसत नाही. नुसती सुई येते आणि जाते. चार दिवस आम्ही असे बोललो. एकदा सुई बराच वेळ परत आली नाही. मी म्हटलं, "काका, झोपलात?" पलीकडून आवाज आला, "तुझी मावशी टाके मोजायची. गप्प बसून मोजायची. मला तिच्या श्वासावरून कळायचं किती झाले ते." आणि मग सुई आली.

आणि इस्त्री. मावशी, तू हे मला आधी कधी का सांगितलं नाहीस? पंखावर कापड ढिलं पडलेलं, वाळत घातलेल्या चादरीसारखं. काकांनी घरातली साधी इस्त्री फिरवली आणि सुरकुत्या तिच्यापुढून पळायला लागल्या. कापड आपलं आपण ताणत गेलं. शेवटी मी बोटाने टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज. मी अख्ख्या पंखावर टिचक्या मारत फिरले. काका म्हणाले, "पुरे आता, ते विमान आहे." पण नंतर मी चहा ठेवायला गेले तेव्हा शेडमधून टिचकीचा आवाज आला.

पाटा नवा आहे. काकांनी स्वतः तीन पट्ट्या तापवून, ठोकून, वाकवून केला, आणि चाकही आधीपेक्षा मोठं रबराचं घातलं. शेपटी आता एका हाताने उचलून फिरवता येते.

आता मी विचारते. सांगाड्यावर प्रत्येक नटावर एक लाल रेघ आहे, नटावरून निघून शेजारच्या लोखंडावर गेलेली. मला वाटलं नक्षी. काका म्हणाले, "नेलपॉलिश. तुझ्या मावशीचं." मग त्यांनी नियम सांगितला. ज्याने आवळलं त्याने तपासायचं नाही. ते आवळायचे, तू पाना लावून बघायचीस, घट्ट असेल तर रेघ ओढायचीस. नट नंतर तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. नऊ वर्षं तुम्ही असं विमान बांधलंत. त्या लाल रेघा मी मोजायला घेतल्या, तीनशेच्या पुढे गेल्यावर माझं लक्ष एका कोळ्याकडे गेलं आणि आकडा विसरले. पण मी तिथे जमिनीवर बसून राहिले. तीनशे वेळा एक माणूस दुसऱ्याच्या मागून गेलं, तो पडू नये म्हणून.

ती बाटली आता काकांनी माझ्या हातात दिलीय. "नवे नट तू तपासायचे." मी म्हटलं, "काका, मला कुणी दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवायलासुद्धा सांगत नाही." ते म्हणाले, "दुसरं कोण आहे इथे?"

मावशी, तू का गेलीस?

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

चार दिवस हे पत्र लिहायला बसते आणि उठते. तुझा गुण माझ्याकडूनच आलेला दिसतो.

तू सरळ विचारलंस, दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. शेपटीचं चाक निखळलं, त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या काकांनी पाट्याचा बोल्ट काढून परत आवळला होता. मी तपासायला गेले. माझी कंबर दुखत होती, शेपटीखाली वाकून शिरायचं जिवावर आलं होतं. मी पाना लावला नाही. नुसती रेघ ओढली. त्यांनी वर्षानुवर्षं कधी चूक केली नव्हती, म्हटलं आज कुठून करतील.

दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. ते उतरले, शेपटी टेकली आणि चाक एकटंच गवतात घरंगळत माझ्याकडे आलं.

दवाखान्यात ते मला म्हणाले, "माझे पाय चुकले असतील." उतरताना विमान पायांनीच सरळ ठेवायचं असतं. मी पाना लावला नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. त्यानंतर रोज ते मला त्याच विश्वासाने बघायचे आणि मला ते बघवायचं नाही. म्हणून गेले.

हे त्यांना सांगू नकोस. आणि तू पाना लाव. प्रत्येक नटाला. कंबर मोडली तरी.

मावशी


१९ मार्च

मावशी,

सांगितलं मी त्यांना. शिव्या घालायच्या तेवढ्या घाल, पण आधी पूर्ण वाच.

तुझं पत्र मी शेडच्या पायरीवर बसून वाचत होते. काकांनी विचारलं, "काय म्हणते?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. मी अख्खं पत्र मोठ्याने वाचलं. ते उठून आत गेले. मला वाटलं संपलं सगळं, आता ही मुलगी दोन घरं मोडून पुढच्या गावाला जाणार. तर ते एक डबा घेऊन आले. डब्यात जुना पाटा होता, दोन तुकडे झालेला. आणि बोल्ट. नटासकट.

मावशी, रेघ शाबूत आहे. तुझी लाल रेघ, नटावरून बोल्टावर गेलेली, कुठेही तुटलेली नाही. नट जागचा हललाच नव्हता. मोडला होता पाटा, बोल्टाच्या भोकापाशी, पट्ट्यांच्या आत, जिथे कुणाची नजर पोचत नाही. काकांनी मोडलेली कड मला उन्हात धरून दाखवली. त्यातला बराचसा भाग काळपट, गंजलेला, म्हणजे ती चीर कित्येक महिन्यांपासून आत आत सरकत होती. शेवटचा नखाएवढा भाग तेवढा चकचकीत. तेवढाच त्या दिवशी तुटला. तू पाना लावला असतास तरी नट घट्टच लागला असता.

मी म्हटलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग मावशीला का नाही सांगितलंत?"

"तिने विचारलंच नाही," ते म्हणाले. दोन्ही तुकडे त्यांनी परत डब्यात ठेवले. मग म्हणाले, "मला वाटलं ती माझ्या पायांना दोष देते. मी तिला हे दाखवलं असतं तर तिला वाटलं असतं, मी सबब काढतोय."

घरातला फोन त्यांनी तू गेल्यावर काढून टाकला हे तुला माहीत नसेल. म्हणाले, वाजायचा नाही, तर ठेवून काय करू. आता ते म्हणतात, रविवारी एक चक्कर मारून उतरलो की तिला स्वतः लिहितो. आधी नाही. नुसतं बोलून उपयोग नाही, उडून उतरलो असं लिहायचंय. मी म्हटलं आधी लिहा. पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे तुझ्याशी वाद घालण्यासारखंच आहे.

तर रविवारी, २४ला, सकाळी. उडवायच्या परवानगीचे कागद पंधरवड्यापूर्वीच आले, सही-शिक्क्यासकट. कागद आल्यावर काकांना वाटलं, सगळं नवं आणि पंखांच्या झडपा हलवणाऱ्या तारा तेवढ्या जुन्या कशाला, म्हणून गेल्या आठवड्यात त्याही बदलल्या. मागच्या सीटला पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून त्या तारा ज्यांवरून जातात त्या कप्प्याही थोड्या सरकवल्या. मागची सीट कुणासाठी ते मी विचारलं नाही. मी प्रत्येक नटाला पाना लावला, मावशी. शपथ. माझी नखं काळी आहेत आणि बाटली अर्धी झालीय.

काल तारा जोडून झाल्यावर काका विमानात बसून, चष्मा लावून, खाली वाकून कप्प्या बघत होते. मी बाहेर. ते विमान कलवायची दांडी हलवायचे आणि ओरडायचे, "हललं?" मी म्हणायचे, "हललं." आत एक म्हातारा माणूस बोटांनी दांडी डावीकडे नेतो आणि त्याच क्षणी पंखाच्या पार टोकाशी, इतक्या लांब, डावी झडप अदबीने खाली झुकते आणि उजवी मान वर करते. मधे फक्त पेन्सिलीच्या शिशाइतकी बारीक तार. मी काकांना ती पुन्हा पुन्हा हलवायला लावली. डावीकडे दांडी, डावी झडप खाली. उजवीकडे दांडी, उजवी खाली. जणू विमान ज्या बाजूला जायचं त्या बाजूला आधी वाकून नमस्कार करतंय.

मी कुठेच इतके दिवस राहिले नव्हते.

भिंगरी


२२ मार्च, शुक्रवार

भिंगरे,

पत्र आत्ता दुपारी मिळालं. पाटा, रेघ, डबा, त्याचं नंतर बोलू. ते मी नीट वाचलंसुद्धा नाही. शेवटचं पान चार वेळा वाचलं.

तारा उलट्या लागल्या आहेत.

दांडी डावीकडे नेली की डावी झडप वर गेली पाहिजे. वर. तेव्हा डावा पंख खाली जातो आणि विमान डावीकडे कलतं. तू लिहिलंस ते बरोबर उलटं आहे. कप्प्या सरकवताना तारांची अदलाबदल झाली. जमिनीवर काहीच कळणार नाही. उडाल्यावर एक पंख जरा खाली गेला की ते सवयीने तो उचलायला दांडी फिरवतील आणि तो आणखी खाली जाईल. ते आणखी जोरात फिरवतील. दोन घरांएवढ्या उंचीवर त्यांना विचार करायला वेळ मिळणार नाही.

"हललं का" हे विचारायचं नसतं. कुठल्या बाजूला हललं, हे विचारायचं असतं. मी बाहेर उभी राहून दरवेळी सांगायचे, डावी वर, उजवी खाली, आणि ते हो म्हणायचे. इतकं सवयीचं होतं की नियम म्हणून ते सांगायचं आम्हा दोघांच्याही कधी मनात आलं नाही. तुला कसं कळणार? तू सगळं मन लावून केलंस.

त्यांना उडू देऊ नकोस. चाकांपुढे आडवी पड.

धावपट्टीजवळच्या विमान-क्लबच्या ऑफिसात सात वेळा फोन केला. वाजतोय, कुणी उचलत नाही. पोस्टातली मुलगी म्हणते पत्र सोमवारी पोचेल. तरी टाकतेय.

मावशी


२४ मार्च, रविवार सकाळ

मावशी,

मंगळवारच्या पत्राचं तुझं उत्तर अजून नाही, म्हणजे तू रागावली आहेस. असू दे. तरी लिहितेय, कारण हे कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगितलं पाहिजे आणि इथे ऐकायला फक्त एक कुत्रं आहे.

मी धावपट्टीच्या कडेला खुर्चीवर बसलेय. माझं काम एवढंच, चाकं जमिनीवरून किती वाजता सुटली ते वहीत लिहायचं. काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी म्हटलं, "वरून कोण बघणार आहे?" ते म्हणाले, "मी."

उन्हात नाकतोडा असा दिसतो की मला त्याच्याकडे सरळ बघवत नाही. ज्या कापडाला मी टाके घातले त्याच्या आरपार ऊन येतंय आणि आतल्या बरगड्या सावलीसारख्या दिसतायत. इंजिन सुरू झालं तेव्हा गवत पार फाटकापर्यंत आडवं झालं. काकांनी एकदा माझ्याकडे हात केला. डावा हात, खांद्याच्या वर. तुला कळवायचं होतं ते हेच.

ते आता पलीकडच्या टोकाकडे चाललेत, नागमोडी. डावीकडून डोकावतात, उजवीकडून डोकावतात. मी बोटी पाहिल्या, डोंगर पाहिले, एकदा एक धूमकेतू पाहिला, पण आपल्या ओळखीच्या माणसाने घरातल्या इस्त्रीने बनवलेली वस्तू उडायला निघालेली कधी पाहिली नव्हती.

वळले. आठ वाजून दहा मिनिटं. तोंड माझ्याकडे आहे. इंजिनाचा आवाज चढतोय.

फाटकातून दुधाची गाडी आत आली. रविवारी ती कधी येत नाही. रस्ता सोडून सरळ गवतावर चढली

हे पुढचं नंतर लिहितेय. गाडी धावपट्टीच्या मधोमध जाऊन आडवी उभी राहिली आणि हॉर्न वाजवत सुटली. नाकतोडा निघाला होता. शेपटी जमिनीवरच होती, काकांना समोरचं दिसत नव्हतं. मी खुर्ची टाकून पळत सुटले, हात हलवत, काय ओरडले देव जाणे. काका डावीकडून डोकावले. मग पंख्याचा आवाज एकदम पडला, नाकतोडा गवतात दोन हेलकावे खाऊन गाडीपासून वीस पावलांवर थांबला, आणि पंखा थांबला, आणि मला चिमण्या ऐकू आल्या.

गाडीचं पलीकडचं दार उघडलं. एक बाई उतरली. दोन दिवसांच्या प्रवासाने साडी चुरगळलेली, चष्मा कपाळावर सरकलेला, गवत ओलं म्हणून चपला हातात. दूधवाला तिला काही विचारत होता, ती ऐकत नव्हती. काका पट्टे सोडून उतरायला लागले, तर तिने लांबूनच हाताने खुणावलं, बसा. मग ती धावपट्टीवरून चालत गेली आणि डाव्या पंखाच्या टोकाशी उभी राहून म्हणाली, "दांडी डावीकडे घ्या. आणि आज मान वळवून बघा."

मावशी, तू आली आहेस.